थोरला

भागाकार बरोबर आला आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. चुकला असता तर बरं झालं असतं. चुकलेला भागाकार पुन्हा करता येतो, बरोबर आलेल्याचं माणसानं करायचं काय? सकाळचं ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत आलेलं, खाली रस्त्यावर खोदकाम चाललेलं आणि त्या यंत्राच्या धडधडीनं तिच्या कपातल्या चहावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. पडद्यावर एक रेघ होती. निळ्याकडून निघालेली, पिवळ्यापाशी चढलेली, लालवरून पुढे गेलेली. आणि जिथे तिनं एकदम खाली कोसळायला हवं होतं, गेली पन्नास-एक वर्षं ती जिथे न चुकता कोसळत आली होती, तिथे ती कोसळलीच नाही. जराशी वाकली, रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की आपण मान लववतो तेवढी, आणि आपल्या वाटेनं पुढे निघून गेली. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला. रेघ काही ऐकेना. मग तिला हसू आलं.

पन्नाशी ओलांडली की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. तिनं सगळं पुन्हा केलं, हळूहळू, नवशिक्या पोरीसारखं ओठ हलवत. तेच उत्तर. तेव्हा तिनं डोंगरावर फोन लावला. दुर्बीण तिकडे, दूर डोंगरावर, आणि ही इथे शहरात, संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर. उंटावरून शेळ्या हाकायचं हे काम ती कित्येक वर्षं करत आली होती, आणि शेळ्या बहुतेक वेळा ऐकतही. दुर्बीणवाला रात्रपाळी संपवून झोपायच्या तयारीत होता. "मॅडम, अहो मीच करणार होतो फोन," तो जांभई आवरत म्हणाला. "तुमचा तो नेहमीचा तारा काही मिळाला नाही. त्या बाजूला ढग येऊन बसला तो हलायचं नाव घेईना. मग जरा पलीकडचा घेतला, नव्या यादीतला. तोही सूर्यासारखाच आहे म्हणतात. चालेल ना?" "चालेल की," ती म्हणाली. सवयीनं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण तो उलटा ठेवलाय.

आता हे काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर एका ताऱ्यापायी बाईनं फोन उलटा का ठेवावा ते कळायचं नाही. आकाशात फिरणारे हे दगड, लघुग्रह म्हणतात ते, स्वतःचा उजेड असा देत नाहीत. सूर्याचा घेतात आणि परत करतात. पण परत करताना थोडा स्वतःकडे ठेवून घेतात, उसनी साखर परत करणाऱ्या शेजारणीसारखा. कुठल्या रंगातला किती ठेवून घेतला यावरून दगड कशाचा आहे ते कळतं. त्यासाठी दगडाच्या उजेडाला सूर्याच्या उजेडानं भागायचं. पण सूर्याकडे मोठी दुर्बीण रोखायची सोय नाही, यंत्र जळून खाक व्हायचं. म्हणून सूर्यासारखा एखादा तारा हुडकायचा, त्याचा उजेड मोजायचा आणि तेच आपलं माप धरायचं. घरात तांदूळ मोजायची वाटी ठरलेली असते तसं. ती वाटी बरोबर आहे का, असं कुणी रोज उठून विचारत नाही. भात नीट होतोय ना, मग झालं. तिच्या पडद्यावरची रेघ ज्या दगडाची होती, तो दर काही वर्षांनी पृथ्वीजवळ यायचा तो आकाशाच्या त्याच कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात माप म्हणून बाबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, तरुणपणी एक तारा निवडून ठेवला होता. पुढे ज्या कुणी या दगडाकडे दुर्बीण वळवली, त्यानं बाबांचं नाव ऐकून बाबांचाच तारा घेतला. तिनंही घेतला. तिला तर तो हाताला धरूनच दाखवला गेला होता.

दुपारपर्यंत तिनं डबा उघडला नाही. नव्या ताऱ्यानं जुन्या ताऱ्याला भागून पाहिलं. दोघंही सूर्यासारखे असते तर रेघ सरळ यायला हवी होती, पाटीच्या कडेसारखी. ती लालपर्यंत सरळ आली आणि पुढे टम्म फुगली. तिला कळायला क्षणही लागला नाही, आणि कळलेलं मान्य करायला मात्र चहाचे दोन कप गेले. बाबांचा तारा एकटा नव्हता. त्याच्या अगदी कुशीत आणखी एक होता, लहानसा, थंड, तांबूस, कुठल्याच दुर्बिणीला वेगळा न दिसणारा. आणि लालच्या पलीकडे तो आपला उजेड गुपचूप मोठ्याच्या उजेडात मिसळत आला होता. माप तिथे मोठं, म्हणून भागल्यावर दगड तिथे खोल गेलेला दिसे. खड्डा मापातला होता; दगड बिचारा धडधाकट होता.

आणि त्या खड्ड्यावर केवढं काय काय उभं होतं! लालच्या पलीकडे असा खोल खड्डा असणारे दगड जगात हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यांचा वर्गच वेगळा, त्याला ओ हे अक्षर दिलेलं. ("ओ म्हणजे? कुणी हाक मारली की देतात तो?" असं तिच्या नवऱ्यानं लहानपणी विचारलं होतं आणि बाबा हसले नव्हते.) बाबांनी हा दगड त्या वर्गात घातला त्याच्या पुढच्या वर्षी तिचा नवरा जन्मला, आणि सासूबाई बाळाला बघायला आलेल्यांना सांगायच्या, "हा आमचा धाकटा. थोरला वर असतो." तेव्हापासून घरात त्या दगडाचं नाव थोरला. थोरला जवळ आला की घरात पाहुणा आल्यासारखी गडबड. थोरला लांब गेला की बाबा महिनाभर उदास. तिची पदवी थोरल्यावर. तिची नोकरी त्या पदवीवर. लग्नसुद्धा, खरं सांगायचं तर, त्याच खड्ड्यातून वर आलेलं. आणि यंदा तर यान जायचं घाटत होतं. मोजक्या दगडांतून एक निवडून तिकडे एक यान पाठवायचं, त्याची माती खरवडून आणायची, असं एका समितीच्या मनात होतं. आणि दुर्मीळ म्हणून थोरल्याचं पारडं जड होतं. शेवटचं एकदा नीट मोजून द्या, एवढंच त्यांनी संस्थेला सांगितलेलं. बाबा ऐंशीच्या घरातले. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडून नजर जवळजवळ गेलेली. पण रोज संध्याकाळी ती दारातून आत आली की त्यांचा पहिला प्रश्न, "काही कळलं का ग यानाचं?" आणि मग जरा थांबून, "पोचेल तेव्हा मी नसेन. पण निघालेलं तरी पाहीन." मग स्वतःच हसून, "ऐकेन."

त्या दिवशी ती लवकर निघाली आणि बसमधून दोन थांबे आधीच उतरली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. पाय चालत होते. एका बेकरीतून गरम पावाचा वास आला आणि तिला आठवलं की आपण उपाशी आहोत, आणि पाव घ्यायचा राहूनच गेला. तिला वडील आठवत नव्हते. ती रांगत होती तेव्हा ते गेले; घरात त्यांचा फोटो होता, पण फोटोला कुणी हाक मारत नाही. मामाकडे वाढली, मामाला मामा म्हणत. बाबा हा शब्द तिच्या तोंडात कधी बसलाच नव्हता. संस्थेत आली तेव्हा आताचे हे बाबा 'सर' होते, कडक, थोडक्यात बोलणारे, चूक दिसली की पेन्सिलीनं त्याखाली रेघ ओढून कागद परत करणारे. चूक काय ते सांगायचे नाहीत, शोध म्हणायचे. एकदा रविवारी रेघा दाखवायला ती सरांच्या घरी गेली. दार मुलानं उघडलं. त्यानं काही विचारायच्या आधी तिच्या नाकावरून घसरणारा चष्मा बघितला, "एक मिनिट द्या बघू," म्हणून तो तिच्या डोळ्यांवरून काढूनच घेतला, खिशातल्या बारक्या पेचकसानं त्याचा स्क्रू आवळला आणि परत दिला. ती दारातच आंधळ्यासारखी उभी, आणि आतून सरांचा आवाज, "कोण आहे रे?" "कुणी नाही, बाबा, डोळे आहेत तुमच्या संस्थेतले." पुढचं सगळं मग होत गेलं. लग्नानंतर पहिल्याच सकाळी चहाचा कप पुढे करताना तिच्या तोंडून 'सर' निघालं. सासूबाई खो खो हसल्या. सर मात्र हसले नाहीत, म्हणाले, "जे जमेल ते म्हण, पोरी. घाई नाही." तिला तो शब्द जमायला खूप दिवस लागले. एकदा बाथरूमचा नळ तुटला, पाण्याचं कारंजं उडालं, आणि ती घाबरून "बाबा!" म्हणून ओरडली. ते धावत आले, चिंब भिजले, नळावर हात दाबून उभे राहिले आणि त्या पाण्यात तिच्याकडे बघून इतके आनंदानं हसले, की तिला आजही नळ ठिबकताना ऐकला तरी बरं वाटतं. आता त्याच माणसासमोर जाऊन म्हणायचं, की बाबा, तुमचा थोरला साधा आहे. रस्त्यात मिळावा तसला.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. गिऱ्हाईक नव्हतं, तो फ्रेमांच्या काचेच्या कपाटामागे बसून एका मोडक्या काडीशी झटत होता. तिचा चेहरा बघून त्यानं हातातलं खाली ठेवलं. "काय ग? कुणी गेलं की काय?" तिनं सांगितलं. त्याला या धंद्यातलं जितकं कळत होतं तितकं पुरेसं होतं. जन्मभर जेवणाच्या टेबलावर त्यानं हेच ऐकलेलं. तो आधी हसला, मोठ्यानं, डोकं मागे टाकून. "म्हणजे थोरला साधाच निघाला? माझ्यासारखा? अरे वा, ये म्हणावं, बस शेजारी!" आणि मग एकदम त्याचं हसू विझलं. त्यानं कपाटाची काच उगाचच पुसली. ती वाट बघत राहिली. तिला माहीत होतं की या माणसाचा त्या दगडाशी हिशेब जुना आहे. लहानपणी बाबांनी त्याला एकदा डोंगरावर नेलं होतं थोरला दाखवायला, आणि तो दुर्बिणीच्या शिडीवरच झोपला. बाबा कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तो म्हणायचा. ते नुसते म्हणायचे, "साधा आहे पोरगा. बरा आहे." पाहुण्यांना म्हणायचे, शिक्षकांना म्हणायचे, त्यानं दुकान काढलं तेव्हा म्हणाले. दुकानाच्या पहिल्या दिवशी बाबा आले नाहीत, थोरला जवळ आला होता. नंतरही कधी आले नाहीत. डोळे बिघडले तेव्हा टॅक्सी करून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात गेले, गल्लीतल्या मुलाकडे नाही. "दुकानात काय जायचं? तो घरी असतोच की," असं म्हणत.

"बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला.

"अरे पण समिती..."

"समितीला खरं सांग. तिथे खोटं बोलायचं नाही. पण बाबांना म्हण, अजून निर्णय नाही, कागद फिरताहेत. सरकारी काम आहे, कुणाला संशय येतोय?" तो तिच्याकडे बघत नव्हता. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"किती दिवस झाकायची?"

"असतील तितके." त्यानं ती मोडकी काडी पुन्हा हातात घेतली. "मोडतील ग ते. आईच्या वेळी मोडले नाहीत इतके मोडतील. राहू दे त्यांना त्यांचा थोरला. मला काय, मला सवय आहे."

समितीला तिनं दुसऱ्या दिवशी सकाळीच कळवलं. ते सोपं गेलं. भराभर लिहून झालं. अवघड होतं ते घरी. "काही कळलं का ग यानाचं?" "अजून नाही, बाबा." एवढंच. तीन शब्द. ते खोटेही नव्हते धड, समितीनं उत्तर कुठे दिलं होतं? पण ते म्हणून झालं की ती उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची. रात्री जेवताना नवरा नको इतकं बोलायचा, गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा, कुणी चष्मा डोक्यावर ठेवून दुकानभर शोधला ते; बाबा हं हं करायचे; आणि ती ताटातली शितं एका बाजूला गोळा करत राहायची. तिला आता सगळीकडे मापं दिसायला लागली होती. शेजारची बाई स्वतःच्या मुलीबद्दल बोलताना "हिच्या मावशीसारखी नाही हो हुशार" म्हणाली, आणि हिच्या मनात आलं, मावशी तरी तपासलीत का? मामी आठवली. मामी तिला स्वतःच्या मुलीशेजारी उभं करून म्हणायची, "ही जरा सावळी", आणि ती बहीण इतकी गोरी होती की तिच्या शेजारी भिंतसुद्धा सावळी दिसली असती. बसमध्ये खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड बघत ती विचार करायची की आपण तरी बाबांना कशाच्या मापानं मोजतोय? मोडतील, मोडतील म्हणतोय. म्हातारं, आंधळं माणूस म्हणून? का सर म्हणून? पेन्सिलीची ती रेघ आणि 'शोध' हा शब्द आठवला की तिला वाटे, ज्या माणसानं आपली एक चूक कधी झाकू दिली नाही, त्याची आपण झाकतोय. ही माया आहे का अपमान? आणि लगेच दुसरं मन म्हणे, तुझं काय जातंय, तुला बाबा आहेत अजून, त्यांना थोरला असू दे. या दुसऱ्या मनाचं म्हणणं तिला जास्त पटायचं, आणि पटतंय म्हणूनच झोप लागायची नाही.

बाबा गच्चीत बसायचे, वेताच्या खुर्चीत, गुडघ्यांवर ऊन घेत. सुट्टीचा दिवस होता. नवरा दुकानात गेलेला. ती कपडे वाळत घालत होती.

"रेघ येऊन गेली ना ग?" बाबा म्हणाले.

"कुठली, बाबा?"

"कुठली म्हणे! दुर्बीणवाल्याचा फोन आला होता मला. माझी तब्येत विचारायला केला बिचाऱ्यानं. म्हणाला, मॅडमचं काम मस्त झालं, अर्धं आकाश ढगात होतं तरी." ते थांबले. "झालं त्याला बरेच दिवस."

तिच्या हातात नवऱ्याचा ओला सदरा होता. त्याचं पाणी तिच्या पायांवर टपटपत होतं.

"काढ," बाबा म्हणाले आणि त्यांनी उजवा तळहात पुढे केला.

डोळे गेल्यापासून ही त्यांची रीत होती. संस्थेत नवी रेघ आली की ती संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसायची आणि बोटानं ती त्यांच्या तळहातावर काढायची. करंगळीच्या मुळाशी निळा, मधल्या बोटाखाली पिवळा, मग लाल, आणि अंगठ्याच्या अलीकडे लालच्या पलीकडचा उजेड. बाबा डोळे मिटून घ्यायचे. कितीतरी दगड तिनं त्या हातावर काढले असतील. त्यांनी नुसत्या स्पर्शावरून ओळखलेही. थोरला तर ते स्वतःहून मागायचे, काही कारण नसताना, दात दुखत असला तरी. अंगठ्याजवळच्या खळग्यात तिचं बोट खोल उतरलं की त्यांचा चेहरा निवायचा.

ती खाली बसली, ओला सदरा मांडीवर तसाच. तिला तो खड्डा पाठ होता. डोळे मिटून काढता आला असता. बोट नुसतं सवयीनं गेलं असतं तरी काम झालं असतं. खोटं बोलायला तोंडसुद्धा उघडावं लागलं नसतं. तिनं करंगळीच्या मुळाशी बोट टेकलं. हात गरम होता, उन्हानं. निळा. चढ. पिवळा. लाल. तिचं बोट खळग्याच्या काठाशी आलं आणि तिथे अडलं, तिथे तिचा सगळा जीव त्या बोटाच्या टोकाशी गोळा झाला, आणि मग ते उतरलं नाही. जरासं वाकलं आणि अंगठ्यापर्यंत जाऊन पोचलं.

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"परत."

तिनं परत काढली. तशीच. तिचे डोळे भरून आले होते आणि पाणी गालावरून हनुवटीवर येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"तारा?"

"पलीकडचा घेतला होता, बाबा. आपला ढगात होता."

त्यांचे ओठ हलायला लागले. ती बघत राहिली. तिला जे करायला अख्खी सकाळ लागली होती ते त्या मिटल्या डोळ्यांमागे चाललं होतं, या ताऱ्यानं त्या ताऱ्याला. "फुगतो का ग?" त्यांनी विचारलं. "आपला. लालच्या पुढे?"

"हो."

"जोडीदार आहे म्हणजे त्याला."

"हो, बाबा."

त्यांनी हात मिटून घेतला. तिचं बोट मुठीत राहिलं. मग ते म्हणाले, "वाईट वाटतंय ग. खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटतंय." ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली; सून म्हणून रडली, विद्यार्थिनी म्हणून रडली, आणि सगळ्यात जास्त म्हणजे दुसऱ्यांदा पोरकी होईन म्हणून रडली. त्यांचा दुसरा हात तिच्या केसांवर येऊन पडला, जड, अवघडलेला. त्यांना हे कधी जमायचं नाही.

"यान जायचं नाही मग."

"नाही."

"बरोबर आहे. साध्यासाठी कोण जातं एवढ्या लांब?" ते म्हणाले, आणि हे वाक्य तोंडातून निघाल्यावर ते मध्येच थबकले, जसं कुणी अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी. "चष्मेवाल्याला ठाऊक आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं."

"हसला असेल."

"हसला. पण मग म्हणाला, बाबांना सांगू नकोस. सरकारी काम आहे म्हण, लांबव म्हणाला. असतील तितके दिवस लांबव. राहू दे त्यांना त्यांचा थोरला, म्हणाला."

"असं म्हणाला?"

"हो."

"मला वाटलं त्याला आनंद होईल."

"त्याला का होईल, बाबा?"

"मी त्याच्या जागी असतो तर मला झाला असता." ऊन गुडघ्यांवरून सरकून पायांवर गेलं. बाबा तसेच बसून होते. तिला वाटलं डोळा लागला. पण ते जागे होते. "त्या दगडाला साधा म्हणायला आज माझा जीव जातोय," ते हळूच म्हणाले. "आणि ह्याला मी किती सहज म्हणत आलो ग. चारचौघांत म्हणत आलो. त्याच्यासमोर म्हणत आलो." ते खरं होतं. बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. "दुकान उघडं असेल का आत्ता?"

त्यांनी सदरा बदलला, केस पाण्यानं बसवले, बूट घातले, लग्नाला निघाल्यासारखे. दोन गल्ल्या चालायला त्यांना वेळ लागला. तिच्या कोपराला धरून ते विचारत होते, आता काय आलं, हे काय वाजतंय, दुकानाच्या पाटीचा रंग कोणता. निळा, ती म्हणाली. "छान," ते म्हणाले. दुकानात एक बाई फ्रेम बघत होत्या. नवऱ्यानं मान वर केली आणि दारात वडलांना बघून तो पांढराफटक पडला. "काय झालं? ए, काय झालं बाबांना?" "काही झालं नाही," बाबा म्हणाले. "डोळे तपासायचे आहेत."

"बाबा, अहो, तुमचे ते मोठे डॉक्टर..."

"त्यांचे झाले तपासून. तू तपास."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. सांगितलं, असं त्यात होतं. मग त्यानं त्या बाईंना हात जोडून जरा बसायची विनंती केली, वडलांना धरून आतल्या खोलीत नेलं आणि उंच खुर्चीत बसवलं. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. डोळ्यांच्या मधोमध गेलेली नजर कुठल्याच भिंगानं परत येत नाही, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं, आणि त्याला तर सगळ्यात जास्त. तरी त्यानं हात धुतले. पेटी उघडली; तिच्यात गोल भिंगं ओळीनं लावून ठेवलेली. रिकामी फ्रेम वडलांच्या नाकावर ठेवली, कानामागे बसवली, अगदी हळू, आणि त्यांच्या चेहऱ्याजवळ आपला चेहरा नेऊन ती तिरकी तर नाही ना ते बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हे दोघं एकमेकांच्या इतके जवळ आलेले तिनं या घरात आल्यापासून पाहिले नव्हते. बाबा ताठ बसले होते, शाळेतल्या मुलासारखे, हात मांडीवर. भिंग खटकन बसलं.

"हे बरं वाटतंय, बाबा?" त्यानं विचारलं. मग ते काढून दुसरं घातलं. "का हे?"

बाबांनी समोर पाहिलं. तक्त्याकडे नाही, आवाज आला त्या बाजूला, मुलाच्या तोंडाकडे.

"अजून एक बघू," तो म्हणाला आणि त्यानं तिसरं लावलं. "आता? आता काही फरक?"

"दिसत काहीच नाही रे," बाबा म्हणाले. "पण तू बदलत राहा."